सगळ्यांचे अठ्ठ्याऐंशी ठोके

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार. (खरं सांगायचं तर उभ्यानेच. तू शिवून दिलेल्या गणवेशाला इथल्या धोबिणीने इतकी खळ घातली आहे की कमरेतून वाकलं की पुठ्ठा मोडल्यासारखा आवाज होतो आणि व्हरांड्यातले सगळे वळून बघतात. तेव्हा नमस्कार मनातल्या मनात वाकून केला आहे, तो गोड मानून घे.) मी इथे खुशाल आहे आणि तूही तिकडे खुशाल असशील, असं लिहायची पद्धत आहे, पण तुझ्याबाबतीत असं काही गृहीत धरायचं म्हणजे धाडसच. खोकला गेला का? चष्म्याचा नंबर तपासलास का, की अजून सुईत दोरा ओवायला गिऱ्हाइकालाच सांगतेस? आणि दुकानाच्या जिन्याच्या पायऱ्या अजून वाढतायत का? मी निघाले तेव्हा तुझ्या मते त्या चौदाच्या अठरा झाल्या होत्या आणि कुणीतरी मुद्दाम उंचही केल्या होत्या. दादाने एकेक पायरी मोजून चौदाच आहेत हे दाखवलं, तर तू म्हणालीस की त्याचं गणित शाळेपासूनच कच्चं आहे. नाचता येईना अंगण वाकडं, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तू तेव्हा माझ्याच गणवेशाची काजं करत होतीस, म्हणून गिळून टाकलं.

पुढे वाचण्याआधी दोन अटी. पहिली, हे पत्र बसून वाचायचं. मशीनवर नव्हे, खिडकीजवळच्या पाठीच्या खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून. तू एका हाताने शिवत दुसऱ्या हाताने कागद वाचतेस त्याचे परिणाम घराने भोगले आहेत. दादाचं बेकरीतल्या नोकरीचं पत्र तू उशीच्या अभ्र्यात शिवून टाकलंस, ती उशी गिऱ्हाइकाच्या घरी गेली आणि दादाला अनोळखी घरात जाऊन, माफ करा, मला तुमची उशी उसवायची आहे, असं सांगावं लागलं. दुसरी अट, वाचताना चहा घ्यायचा नाही. पत्रावर डाग पडतात. दादाला मी बजावलंय की तू बसलीस आणि कप लांब ठेवलास हे बघूनच पत्र हातात द्यायचं. बसलीस? बरं.

तर आत्या, मी आनंदाने वेडी व्हायची तेवढी बाकी आहे! एकोणतीस वर्षांची घोडी मी, नर्सिंगच्या वर्गातल्या बाकीच्या मुली अठरा-एकोणीसच्या, त्या मला ताई म्हणतात आणि जड वस्तू उचलायची वेळ आली की आदराने मागे सरतात. पण सकाळी साडेसहाला ते पांढरं कापड अंगावर चढवलं की मला वाटतं, हे माझंच माप आहे. तुला हे आवडणार नाही हे ठाऊक आहे. तुझ्या मते ही माझी एक लहर होती. पहिले सहा आठवडे इथे आम्ही सगळ्या कच्च्या टाक्यावर असतो, त्यानंतर नाडीची परीक्षा होते आणि जी नापास होईल तिने सामान बांधायचं, हे तुला कळल्यापासून तू माझ्या मशीनवर झाकणसुद्धा घातलं नाहीस. गिऱ्हाइकांना सांगत होतीस म्हणे, की जरा थांबा, महिन्या-दीड महिन्यात येईल परत. (दादाने सांगितलं. त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला माहीत आहेच.) ते उघडं मशीन माझ्या डोळ्यांपुढून एक दिवस हललं नाही. परीक्षेची भीती वाटली नाही इतकी मला त्या मशीनची वाटत होती.

तयारीपासून सांगते. शाळेने पाठवलेल्या यादीत लिहिलं होतं, काळे बूट, न वाजणारे. आता बूट वाजतो की नाही हे घालणारीला कसं कळणार? म्हणून मी चपलांच्या दुकानदाराला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागे चालून दाखवलं. पहिले चार जोड त्याला ऐकू आले. पाचवा घालून मी चालत चालत पार दारापर्यंत गेले, तरी तो भिंतीकडेच तोंड करून उभा. त्याला वाटलं मी अजून बूट बदलतेय. मग त्याने वळून पाहिलं, तर नवेकोरे बूट पायात घालून मी उंबऱ्यावर. त्याने जो आरडाओरडा केला त्याने शेजारचा न्हावी वस्तरा हातात घेऊन धावत आला. मी मात्र खूश, कारण बूट परीक्षेत उतरले होते. तेच आणले. (न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेला गृहस्थ होता, तोही बाहेर येऊन बघून गेला.)

आणि मग ते घड्याळ. छातीवर उलटं लटकवायचं, सेकंदकाटा असलेलं, दादाने आणलेलं. ते हातात आल्यापासून माझे हात जे शिवशिवायला लागले ते निघेपर्यंत थांबले नाहीत. आठ दिवसांत मी घरात एक मनगट सोडलं नाही. दादा अठ्ठ्याऐंशी. वहिनी अठ्ठ्याऐंशी. इस्त्रीवाले काका सत्त्याऐंशी, पण त्यांनी मध्येच हात ओढून घेतला, म्हणून एक वाढवून अठ्ठ्याऐंशी. तुला आठवत असेल, मी ती वही नाचवत घरभर फिरले होते की बघा, एकाच घरातल्या माणसांची नाडी कशी एकसारखी पडते! वहिनी आपल्या रक्ताची नाही हे दादाने लक्षात आणून दिलं, तर मी म्हणाले की आठ वर्षं एका ताटाला बसून ती लागली वळणावर. इस्त्रीवाल्या काकांचं काय, हे सुदैवाने कुणी विचारलं नाही. मी तर मनातल्या मनात शोध लावून मोकळी झाले होते आणि शाळेत गेल्यावर तो कुणाला सांगावा याचा विचार करत होते.

हात तेवढा दिला नाहीस तू. आठ दिवस मागे लागले, तर आठही दिवस तुला नेमकं काहीतरी कापायचं होतं. शेवटी निघायच्या दिवशी सकाळी, गणवेशाचं शेवटचं बटण लावताना सुई माझ्या अंगठ्यात घुसली, तू चिंधी फाडून भलीमोठी पट्टी बांधलीस आणि खुर्चीत बसल्या बसल्या, जणू काही जहागीर देतेयस अशा थाटात, मनगट पुढे केलंस. तुझी भरली बासष्ट. तीही कशी, तर दोन-तीन ठोके नीट, मग एक गायब, मग दोन घाईघाईने, पुन्हा एक गायब. दादा म्हणाला, आत्याच्या मशीनने टाके सोडले. सगळे हसले. तू सगळ्यात मोठ्याने हसलीस आणि म्हणालीस की हिला मोजता येत नाही, महिन्यात परत येते की नाही बघा. मीही हसले. माझ्या शोधात तेवढी एक तू बसत नव्हतीस, म्हणून वहीत तुझ्या नावापुढे मी 'मोजण्यात चूक' असं लिहून टाकलं.

शाळेत पहिल्या आठवड्यात फक्त पलंग. आत्या, पलंग करणं ही काय विद्या आहे हे तुला तिथे बसून कळायचं नाही! चादरीचा कोपरा विशिष्ट कोनात दुमडून गादीखाली असा दाबायचा की आजारी माणूस रात्रभर तळमळला तरी सुरकुती पडू नये. शिकवणाऱ्या मोठ्या बाई (उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण दारात उभ्या राहिल्या की दार भरतं) प्रत्येकीच्या पलंगापाशी येऊन चादर ओढून बघतात. माझी चादर दोन दिवस सुटत होती. तिसऱ्या दिवशी मला गणवेशाच्या आतल्या बाजूला तू न सांगता शिवलेला खिसा सापडला, त्यात सुई, पांढरा दोरा आणि चार बटणं. मग काय, मी शिंपीणच. आडवे-तिडवे कच्चे टाके घालून चादर गादीला शिवूनच टाकली. बाई आल्या, त्यांनी चादर ओढली, तर चादरीबरोबर गादी आणि गादीबरोबर उशी, असा सगळा संसार त्यांच्या अंगावर आला. मुली तोंडात बोळे कोंबून हसत होत्या. बाईंनी टाके नीट निरखून पाहिले, टाके चांगले आहेत म्हणाल्या आणि मला पुढचे तीन दिवस अख्ख्या हॉलमधले बावीस पलंग करायला लावले. आता मी डोळे मिटून कोपरा दुमडते. सुई मात्र त्यांनी जप्त केली ती केलीच.

दुसऱ्या आठवड्यात आमची आणि निवांतरावांची भेट झाली. निवांतराव म्हणजे माणसाएवढा रबरी पुतळा. त्यांना खाटेवर निजवलेलं असतं, तोंड अर्धवट उघडं, डोळे छताकडे, आणि आम्ही काहीही केलं तरी त्यांची तक्रार नसते, म्हणून मुलींनी ते नाव ठेवलंय. त्यांच्या पोटात एक यंत्र आहे, ते चालू केलं की मनगटात नाडी उडते. बाईंनी विचारलं, आधी कुणी नाडी पाहिली आहे का? मी अशी संधी सोडणारी नव्हे. बाह्या सरसावून पुढे झाले, निवांतरावांचं मनगट आपण कापड पारखतो तसं धरलं, अंगठा वर आणि बाकीची बोटं खाली. (तूच शिकवलंस ना, की अंगठ्याला जे कळतं ते डोळ्यांनाही कळत नाही? तेव्हा पुढे जे झालं त्यात तुझाही वाटा आहे.) छातीवरच्या घड्याळाकडे बघत मोजलं आणि वर्गाकडे वळून खणखणीत आवाजात जाहीर केलं, एकशे चार, नियमित, ठोका भरदार.

बाईंनी निवांतरावांच्या खाटेखाली वाकून विजेची वायर वर काढून दाखवली. तिला पुढे प्लगच नव्हता. निवांतरावांचं यंत्र दोन वर्षांपासून बंद आहे, आत्या! मी दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या रबराच्या माणसात जीव शोधून काढला होता, तोही भरदार. हसावं की रडावं हे माझं ठरायच्या आत मुलींचं हसायचं ठरलं होतं. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा अंगठा चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला आणि सांगितलं की अंगठ्याला स्वतःची जोरदार नाडी असते. अंगठ्याने दुसऱ्याची नाडी बघणारा माणूस स्वतःचीच मोजत बसतो. नाडी मधल्या तीन बोटांनी बघायची, आणि अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायची लबाडी नाही; पूर्ण मिनिट. हे 'पूर्ण मिनिट' बाई दिवसातून इतक्या वेळा म्हणतात की आम्ही त्यांना पाठीमागे तेच म्हणतो. पूर्ण मिनिट आल्या, गप्प बसा.

म्हणजे बघ, दादाचे अठ्ठ्याऐंशी माझे, वहिनीचे माझे, इस्त्रीवाल्या काकांचे वरच्या एकासकट माझेच. आठ दिवस मी घरभर फिरून वेगवेगळ्या माणसांच्या हातांवर स्वतःलाच मोजत होते आणि वर, एका घरातली माणसं कशी एकसारखी, म्हणून नाचत होते. त्या दिवशी मी जेवले नाही. जेवणघरात बसले तर समोरून जाणारी प्रत्येक मुलगी माझ्यापुढे मनगट धरून जात होती. खोलीत येऊन तुझं उघडं मशीन डोळ्यांपुढे आणलं आणि ठरवलं की काही झालं तरी त्याच्यावर झाकण पडलंच पाहिजे.

मग चार आठवडे मी तीन बोटांची बाई झाले. सोबत राहणारी लांबुडकी मुलगी (पलंगाबाहेर पाय, म्हणून तिचा कोपरा कुणालाच दुमडता येत नाही) झोपेत असताना तिची नाडी, भांडी घासणाऱ्या बाईची ओल्या हाताची नाडी, फाटकावरच्या पहारेकऱ्याची नाडी. पहारेकरी तर इतका सवयीचा झाला की मला लांबून बघितलं की बाही वर करून उभा राहतो. आणि गंमत काय, अंगठा बाजूला ठेवल्यावर प्रत्येक जण वेगळा निघाला! लांबुडकीची सावकाश आणि खोल, पहारेकऱ्याची टणक दोरीसारखी, भांडेवाल्या बाईंची इतकी नाजूक की श्वास रोखून शोधावी लागते. आत्या, मी पंधरा वर्षं माणसांची मापं घेतली, छाती, कंबर, बाही. पण माणसाच्या आत एवढं काही चाललेलं असतं आणि ते तीन बोटांना कळतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा खरी नाडी लागली त्या दिवशी मी फाटकापासून खोलीपर्यंत पळत आले. न वाजणाऱ्या बुटांमुळे कुणाला कळलं नाही एवढंच.

परवा परीक्षा झाली. खरा वॉर्ड, खरे आजारी, तीन जणांची नाडी. एक मनगट माझ्याकडे, दुसरं बाईंकडे, दोघींनी एकाच वेळी मोजायचं आणि आकड्यांत दोनपेक्षा जास्त फरक आला की सामान बांधायचं. माझी पाचावर धारण बसली होती. पहिली एक बाळंतीण, ऐंशी, बाईंची एक्क्याऐंशी. दुसरा पाय मोडलेला रंगारी, बहात्तर, बाईंचीही बहात्तर. तिसरे खिडकीशेजारचे निवृत्त पोस्टमन आजोबा. त्यांना बोलायला फार आवडतं. हात हातात घेतल्याबरोबर सांगायला लागले की काही महिन्यांपूर्वी त्यांच्या भागातल्या गल्ल्या अचानक लांब व्हायला लागल्या होत्या, पंचवीस वर्षं ज्या वाटेने गेले तीच वाट संपेना, म्हणून नोकरी सोडली. बाईंनी त्यांना गप्प केलं. मी बोटं टेकवली आणि माझा स्वतःचाच ठोका चुकला. दोन ठीक, एक गायब, दोन घाईघाईने, मग मोठी फट. तीस सेकंदांवर मोह झाला की आता दुप्पट करून मोकळं व्हावं, पण तेव्हा मला बाईंचा नाही, तुझा आवाज ऐकू आला. चौदा वर्षांची असताना मी सुटलेल्या टाक्यांकडे काणाडोळा करून अख्खा पडदा शिवत गेले होते आणि तू तो अख्खा उसवायला लावला होतास. टाका सुटला की मशीन थांबवायचं, कापड ओढत पुढे जायचं नाही, असं म्हणाली होतीस. मी थांबले. पूर्ण मिनिट. अठ्ठावन्न, म्हणाले, आणि मध्ये मध्ये सुटतायत. बाई म्हणाल्या, अठ्ठावन्न. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

पास झाले, आत्या! वर्गात दुसरी! (पहिली लांबुडकी. तिची बोटंही लांबच आहेत.) संध्याकाळी सगळ्यांसमोर बाईंनी माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, ती थोडी मोठी होती, मी आतून दोन टाके घालते म्हणाले, तर त्यांनी चक्क जप्त केलेली सुई परत केली. मला त्या क्षणी फक्त तू तिथे असायला हवी होतीस. तू शिवलेल्या गणवेशात माया इतकी सोडली आहेस की मी म्हातारी होईपर्यंत तो उसवून वाढवता येईल. म्हणजे परत येईन म्हणत होतीस खरी, पण कापताना तुझ्या कात्रीला वेगळंच काही माहीत होतं, हो ना? तेव्हा आता राग सोड आणि माझ्या मशीनवर झाकण घाल. त्याला रोज थोडं तेल दे, पण झाकण घाल.

वहिनीला आठवण सांग. इस्त्रीवाल्या काकांना सांग की त्यांची नाडी मी पुन्हा मोजून देईन, पहिली परत घेतली आहे. बाकी सर्व ठीक.

तुझीच, एकोणतीस वर्षांची शाळकरी भाची

ता. क. दादाबरोबर पांढरी बटणं पाठव, मोठ्या आकाराची सहा. खिशातली चार संपली. लांबुडकीच्या बाह्यांना लागली.

ता. क. २. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात, आणि मी इतकी पानं तेच करतेय. परीक्षेनंतर मी खोलीत जाऊन जुनी वही उघडली. अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, आणि मग तुझं पान. त्याच्यावर रक्ताचा एक डाग आहे. माझ्या अंगठ्याचा. त्या सकाळी माझ्या अंगठ्याला तू चिंधीची भलीमोठी पट्टी बांधली होतीस, आत्या, मला अंगठा टेकवताच येत नव्हता. तुझी नाडी मी तीन बोटांनी पाहिली होती. घरभर सगळीकडे मी स्वतःला मोजलं, आणि खरं मोजलं ते फक्त तुला. 'मोजण्यात चूक' मी खोडलं आहे. ती वही मी बाईंना दाखवली. त्यांनी एकच विचारलं, यांना जिना चढताना दम लागतो का? मी त्यांना पायऱ्या वाढल्याचं सांगितलं. त्या या वेळीही हसल्या नाहीत. मग त्या मला पोस्टमन आजोबांकडे घेऊन गेल्या. आजोबांना आता रोज दोन गोळ्या आहेत, पुढच्या आठवड्यात ते घरी चाललेत आणि म्हणतात की व्हरांड्यात चालून पाहिलं, गल्ल्या पुन्हा पूर्वीएवढ्या झाल्या आहेत. वेळेवर आले म्हणून, असं बाई म्हणाल्या. हे पत्र पोस्टाने टाकू नकोस, कुणाच्या तरी हाती दे, हा मला आजोबांनीच दिलेला सल्ला. पोस्टात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाचा सल्ला मी मानला. मला भीती वाटते आहे, आत्या. पत्रात आनंदाने जे लिहिलं ते सगळं खरं आहे, आणि हेही खरं आहे.

ता. क. ३. दादा आत्ता तुझ्यासमोर उभा असेल आणि तू चष्म्यावरून त्याच्याकडे बघत असशील. त्याच्यावर ओरडू नकोस, त्याला मीच उभं केलंय. खाली बेकरीची गाडी आहे, मालकाला विचारून आणली आहे. उद्या सकाळी दहा वाजता इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडे तुझा नंबर लागला आहे. आज रात्री माझ्या खोलीत झोपायचं, लांबुडकी जमिनीवर झोपणार आहे, नाहीतरी तिला पलंग पुरत नाही. कापायचं आहे, शिवायचं आहे, गिऱ्हाईक येणार आहे, हे काही सांगू नकोस. टाका सुटला की मशीन थांबवायचं. नियम तुझा आहे, मी फक्त पाळतेय.

आणि पत्र एवढं लांबवलं, बूट आणि न्हावी आणि निवांतराव सगळं घुसडलं, त्याचं कारणही सांगते. नाडी मोजण्याआधी माणसाने निदान पाच मिनिटं शांत बसलेलं असावं लागतं, पाय जमिनीला टेकवून, चहा न घेता. तुला एरवी पाच मिनिटं बसवणं देवालाही जमलं नसतं. आता डावा हात दादाकडे दे. पत्र न्यायला आला तेव्हा त्याला मी तीन बोटं शिकवली आहेत, अंगठा मागे बांधून ठेवायला सांगितलंय. बोलू नकोस. पूर्ण मिनिट. आकडा कितीही येवो, दादाबरोबर पाठवलेल्या माझ्या वहीत लिही, दुकानाची किल्ली वहिनीकडे दे आणि नीघ. निघताना मशीनवर झाकण घाल. दोन्ही मशीनवर.